गेनबाचा चौताल

गेनबाच्या अंगणात शिरताना ज्ञानू ठाकरने जन्मात कधी हाक मारली नाही. दोघांची रीतच तशी होती. ओट्यावरचा पखवाज खाली घ्यायचा, गेनबाची बायको साळूबाई जो कणकेचा गोळा आणून देईल तो डाव्या पुडीवर थापायचा, कारण कणकेशिवाय ती बाजू बोलत नाही, आणि बसून ठेका धरायचा. म्हाताऱ्याचे डोळे दहा वर्षांपूर्वीच गेले होते, पण कान शाबूत होते. त्याने आयुष्यात पंचवीसेक जणांना शिकवलं होतं आणि त्यातला कोणीही येऊन बसला तरी तो दोन-तीन आवर्तनांत हातावरून नाव सांगायचा. ज्ञानूच्या बाबतीत त्याला तेवढंही लागत नसे. चार थापा पडल्या की खाटेवरून आवाज यायचा, "आलास व्हय, ज्ञान्या?"

त्या तीन शब्दांवर ज्ञानू जगत होता म्हटलं तरी चालेल. कारण बाकी जगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

वाडी पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला. गेनबाने उभा जन्म गुरं राखली. त्याला अक्षर येत नव्हतं आणि त्याचं त्याला काडीचं वाईट वाटत नव्हतं. पखवाजाचे बोल त्याने कुठून उचलले कोण जाणे, पण शिकवताना तो ते आपल्या धंद्याच्या भाषेत शिकवायचा. पुस्तकवाले ज्याला चौताल म्हणतात त्या बारा मात्रांना तो नुसतं 'बाराचा' म्हणायचा, आणि ज्ञानू सात-आठ वर्षांचा असताना त्याच्याकडून त्याने तो असा पाठ करून घेतला होता:

"जा, जा, नीट, जा. किती, दा, नीट, जा. दिस, कले, घरी, चल."

दिवस कलला आहे, माणूस गुरांमागे चालतो आहे, नीट चला म्हणून त्यांना सांगून दमला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यात एक गोम होती. 'दिस कले'ला ठेका किंचित रेंगाळायचा आणि 'घरी चल'ला पुढे सरकायचा, कारण गोठा दिसला की जनावर आपणहून पाय उचलतं. ही ओढ गेनबाच्या हातात होती आणि पंचवीस जणांतून ती उतरली फक्त ज्ञानूच्या हातात. दिंडोरा पिटण्यासारखं हे काही नव्हतं. भजनात गाणाऱ्याला एवढंच कळायचं, की ज्ञानू पखवाजावर असला की समेवर आपण घरी आल्यासारखे येतो.

आता भजनं उरली होती, पण पखवाज उरला नव्हता. वाडीच्या मंडळाचा पप्पू एक दिवस पुण्याहून हातभर उंचीचा स्पीकर घेऊन आला. त्यात मोबाईल जोडला की पखवाज, तबला, टाळ सगळं आपोआप वाजायचं. "ज्ञानूदा, वाईट वाटून घेऊ नका," पप्पू म्हणाला, "पर ह्याला न्यायाआनायला गाडी लागत न्हाई, आन् ह्यो कवा आजारी पडत न्हाई." ज्ञानू हसला. सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन त्याने पखवाजाला गवसणी घातली आणि बायकोला, छायाला, सांगितलं, "आजपासनं म्या मोकळा."

मोकळा माणूस काय करणार? धरणाकाठच्या एका बंगल्यावर राखणदार झाला. राखणदार म्हणायचं एवढंच. पावसाळ्यात खरं काम गवत कापायचं. खांद्याला अडकवायचं ते मशीन तासभर चालवलं की हातांना मुंग्या यायच्या, आणि त्या मुंग्या आधी तासाभराने जायच्या, मग संध्याकाळपर्यंत राहू लागल्या, मग दुसऱ्या सकाळपर्यंत. एक दिवस भाकरी मोडताना उजव्या हाताच्या दोन बोटांना भाकरी कळेना. ज्ञानूने भाकरी खाली ठेवली आणि बोटांकडे बघत बसला. तो घाबरला, आणि असा घाबरला की छायाला सांगायलाही त्याचं तोंड उघडेना.

पानशेतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचून बघितली. म्हणाल्या, "मशीन सोडा. अजून एक पावसाळा हे चालवलंत तर बोटं तुमची राहणार नाहीत." ज्ञानूने हे बंगल्याच्या मालकाला सांगितलं. मालक माणूस सभ्य. त्याने शांतपणे विचारलं, "मग मी तुम्हाला ठेवू कशाला?" ज्ञानूने मशीन पुन्हा खांद्याला अडकवलं.

अशात शाळेचं निघालं. पानशेतच्या अलीकडे एक निवासी शाळा झाली होती, तिचे मुख्याध्यापक अजित सर. त्यांनी कुठल्याशा सप्ताहात ज्ञानूचा हात ऐकला होता. ते स्वतः मोटारसायकलवरून वाडीत आले, ओट्यावर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "पोरांना पखवाज शिकवायला मला असाच माणूस पाहिजे. पण संस्थेला कागद लागतो. परीक्षा मंडळाची पहिली परीक्षा तरी पास व्हा. नोव्हेंबरला आहे, भोरला."

ते गेल्यावर छाया कितीतरी वेळ कप धूत राहिली. मग म्हणाली, "पयली परीक्षा. पोरांची आसती ती. तुमी चाळीस वर्सं वाजवताय, तुमाला काय अवघड हाय?" ज्ञानूलाही तसंच वाटलं. अभ्यासक्रमाचा कागद आला त्यात लिहिलं होतं, 'तालाचे बोल हातावर टाळी देऊन म्हणणे'. बोल तर त्याला झोपेत येत होते. प्रत्येक गुरूचे आपापले बोल असतात आणि परीक्षेत ते म्हणून दाखवायचे, अशी त्याची भाबडी समजूत होती. ती चुकीची आहे हे सांगणारा पाबे घाटाच्या अलीकडे कोणीच नव्हता.

भोरला जायचं म्हणजे घाट उतरून वेल्हं, तिथून नसरापूर, मग कापूरहोळवरून भोर. तीन गाड्या बदलून, मांडीवर पखवाज घेऊन, ज्ञानू परीक्षेच्या शाळेत पोचला तेव्हा व्हरांड्यात दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांचे आईबाप उभे होते. दारावरचा माणूस म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." सारोळ्याहून नातीला घेऊन आलेले एक आजोबा आपुलकीने सरकून जागा देत म्हणाले, "बसा. तुमचा नातू कुठाय?" ज्ञानूने खिशातलं प्रवेशपत्र काढून दाखवलं. आजोबांनी ते वाचलं, ज्ञानूकडे पाहिलं, आणि मग उगाच आभाळाकडे पाहिलं.

ती नात त्याच्या आधी वाजवून आली. अश्विनी नाव. हात चोख, सरळ, पाटीवर रेघ मारावी तसा. ज्ञानूने मनापासून मान डोलावली.

आतल्या परीक्षक शेफाली मॅडम पुण्याहून आल्या होत्या. वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या. पुढच्या नंबरांची पोरं मागे सतरंजीवर बसली होती. मॅडमनी विचारलं, "चौताल म्हणा, टाळी-खालीसकट."

"चौताल म्हंजी?"

"बारा मात्रांचा."

"बाराचा म्हना की," ज्ञानूचा जीव भांड्यात पडला. त्याने मांडी घट्ट केली, हातावर हात मारला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "जा, जा, नीट, जा. किती, दा, नीट, जा..."

मागची पोरं आधी गप्प होती. 'घरी चल'ला एकाने नाक दाबलं आणि मग सगळी सतरंजी फुटली. ज्ञानूला वाटलं पोरांना आवडलं. त्याने दुसरं आवर्तन आणखी रंगून म्हटलं. आपल्याला हसताहेत हे त्याला तिसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर कळलं, आणि मग थांबायचं कसं ते कळेना.

शेफाली मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हे फार सुंदर आहे. पण मी याला मार्क कशात देऊ? बोल 'धा धा दिं ता' असे आहेत. किट धा दिं ता. तिट कत गदि गन." मग त्याने वाजवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर कागदाकडे बघत म्हणाल्या, "हात गोड आहे. पण शेवटच्या चार मात्रांत लय पळते तुमची."

"जनावरं घरी चालल्यात, बाई. पळनारच की."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. निकाल महिन्याने यायचा होता, पण ज्ञानूला तो तिथेच मिळाला. परतीच्या एसटीत त्याने पखवाज पायांत ठेवला आणि तोंडावर टॉवेल घेतला. शेजारच्याला वाटलं झोपला आहे.

अजित सरांनी निकाल वाचून कपाळाला हात लावला. "ज्ञानेश्वरराव, मी मे महिन्याच्या परीक्षेपर्यंत जागा धरून ठेवतो. जूनला शाळा सुरू व्हायच्या आत कागद आणलात तर जागा तुमची. त्यापुढे मी संस्थेला थोपवू शकत नाही."

जूनला शाळा सुरू होणार होती. जूनलाच पाऊस येणार होता आणि बंगल्यावरचं गवत वाढणार होतं. दोन्हीपैकी एक ठरलेलं होतं. कागद नाही तर मशीन, आणि मशीन म्हणजे बोटं गेली. ज्ञानू हे रोज सकाळी उठल्याबरोबर स्वतःला सांगायचा, आणि उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर घासून बघायचा, अजून आहेत ना.

अभ्यासाला बसण्याआधी तो गेनबाकडे गेला. पखवाज न घेता तो त्या अंगणात पहिल्यांदाच बसला असेल. त्याने सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग म्या तुला खोटं शिकवलं व्हय?"

"न्हाई बाबा. खोटं कसं? पर त्येंच्या कागदावर दुसरं हाय."

"काय हाय?"

"धा धा दिं ता."

गेनबाने ते ओठांत घोळवून बघितलं. "ह्याचा अर्थ काय?"

"अर्थ न्हाई त्याला."

"अर्थ न्हाई तर ध्यानात कसं ऱ्हायचं?" म्हातारा पुटपुटला. साळूबाई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. गेनबाने हात पुढे करून ज्ञानूचा हात शोधला, उजवाच नेमका. त्या दोन बधिर बोटांवरून अंगठा फिरवला. "जिथं तुजी भाकर हाय तिथलं म्हन. माजं तोंडातनं जाऊं दे. हातातनं जाऊं देऊ नगंस, म्हंजी झालं."

"हातातनं कसं जाईल, बाबा?" ज्ञानू म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

मग त्याने स्वतःचे जे हाल करून घेतले ते दुष्मनाने केले नसते. अडचण अशी, की दोन्ही बोल एका तोंडात राहीनात. 'धा धा दिं ता' म्हणायला घेतलं की तिसऱ्या मात्रेला 'नीट' बाहेर यायचं. 'तिट कत'च्या जागी 'दिस कले' उभं. चाळीस वर्षं जी वाट रुळली तिच्यावरून पाय दुसरीकडे वळेनात. तेव्हा त्याने ठरवलं, जुनं उपटूनच टाकायचं. जुना शब्द आला की मांडीला चिमटा. छायाला त्याने पहाऱ्याला बसवलं. जेवताना, पाणी भरताना, त्याच्या ओठांवर 'जा जा' दिसलं की ती म्हणायची, "अवो, आलं बघा." आणि ज्ञानू चिमटा घ्यायचा. पौष सरेपर्यंत त्याच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. छायाने एका सकाळी त्या पाहिल्या आणि रडली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ते. आपन दुसरं काईबी करू." ज्ञानू तिच्यावर ओरडला, "काय करू? सांग ना, काय येतं मला दुसरं?" छायाने डोळे पुसले आणि पुन्हा पहाऱ्याला बसली.

शेवटच्या चार मात्रा पळू नयेत म्हणून त्याने मोबाईलवर लय धरायला सारख्या अंतराने टकटक करणारं ॲप घेतलं. पप्पूनेच घालून दिलं, त्याच स्पीकरवाल्या मोबाईलमधून. टक, टक, टक, टक. ना रेंगाळणं, ना पळणं. ज्ञानू बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून मांडीवर त्या टकटकीबरोबर वाजवायचा. आधी 'गदि गन'ला हात पुढे निघून जायचा आणि टकटक मागे राहायची. मग हात थांबायला शिकला. लगाम लागला की घोडं जसं मान ताठ धरून चालतं तसा तो चालायला लागला. आत काहीतरी दुखायचं, पण ज्ञानूला वाटलं ते मांडीचं दुखणं असेल.

फाल्गुनात बोल बसले. चैत्रात एका संध्याकाळी तो दारात बसला होता, मांडीवर सवयीने बोटं चालली होती. छाया म्हैस घेऊन येत होती. म्हैस वाटेत शेजाऱ्याच्या गंजीला तोंड लावायला थांबली तशी ती ओरडली, "चल गं, घरी चल!" ज्ञानूची बोटं जशी चालली होती तशीच चालत राहिली. ना अडखळली, ना पुढे सरकली. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो आनंदाने उठून उभा राहिला. "छाया, ऐकलंस? तू 'घरी चल' म्हनलीस आन् मला कायबी झालं न्हाई!" छायाही हसली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कोणी हसलं होतं. वेडी माणसं! हसायचं ते कशावर, हेही त्यांना कोणी सांगायला नव्हतं.

गेनबाकडे तो या सहा महिन्यांत गेला नाही. जाऊन काय म्हणणार? तिथे बसलं की जुने शब्द अंगणातल्या मातीतूनच वर येतील अशी त्याला भीती होती. साळूबाई एकदा वाटेत भेटली. "म्हातारा इच्यारतोय. खाटंवरनं उठत न्हाई आता. ज्ञान्या का येत न्हाई म्हन्तोय." ज्ञानू म्हणाला, "काकी, कागद हातात आला की पयला तुमच्याकडंच येतो बघा. त्येला सांगा तसं."

मेमध्ये पुन्हा तोच घाट, त्याच तीन गाड्या, तोच व्हरांडा. या वेळी दारावरच्या माणसाने त्याला ओळखलं आणि खुर्ची दिली. शेफाली मॅडमच होत्या. त्याने टाळी दिली, खाली दाखवली, धा धा दिं ता म्हटलं. मग वाजवलं. दहा आवर्तनं, बारा मात्रांची प्रत्येक, एक मात्रा दुसरीहून केसभर मोठी नाही. मागची सतरंजी चिडीचूप होती.

"केवढी मेहनत घेतलीत, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा विचित्र येत होता. "लय एकदम सरळ झाली." त्यांनी मार्क लिहिले. मग पेन बंद करता करता विचारलं, "ते मागच्या वेळी म्हणाला होता ना, गुरांचं? ते पुन्हा एकदा म्हणाल? मला लिहून घ्यायचं राहिलं. नंतर कितीदा तरी आठवलं."

ज्ञानूने हात जोडले. दारू सोडलेला माणूस जसा दारूबद्दल बोलतो तसा तो म्हणाला, "ते सोडलं म्या, बाई."

पहिल्या वर्गात पास झाला. मृगाच्या दोन दिवस आधी अजित सरांनी त्याच्या हातात नेमणुकीचं पत्र ठेवलं. वर शाळेचा शिक्का, खाली 'श्री. ज्ञानेश्वर कोंडिबा ठाकर, पखवाज शिक्षक'. ज्ञानूने ते तीनदा वाचलं. बंगल्याच्या मालकाला त्याने गवताचं मशीन परत केलं तेव्हा त्याला वाटलं आपण आपले हातच सोडवून घेऊन चाललो आहोत. घरी छायाने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तो थांबला नाही. पत्र सदऱ्याच्या खिशात घालून तसाच वरच्या वाटेने गेनबाकडे निघाला.

दिवस कलला होता. गेनबाची खाट अंगणात होती आणि तो तिच्यावर चिमणीएवढा होऊन पडला होता. साळूबाई ज्ञानूला पाहून काही बोलणार तोच त्याने तोंडावर बोट ठेवलं. रीत मोडायची नव्हती. त्याने ओट्यावरचा पखवाज खाली घेतला. साळूबाईने डोळे पुसत कणीक भिजवून आणली. त्याने ती थापली, मांडी घातली, आणि बाराचा धरला.

चार थापा पडल्या. खाटेवरून आवाज आला नाही.

म्हातारा झोपला असेल. ज्ञानूने आवर्तन पुरं केलं. गेनबाने मान वळवली, जागाच होता. कान इकडेच होता. दुसरं आवर्तन झालं, तिसरं झालं. ज्ञानू त्या चेहऱ्याकडे बघत वाजवत होता, आता म्हणेल, आता म्हणेल. हात सरळ, स्वच्छ, न चुकता चालला होता. पाचवं आवर्तन आलं. त्याने मनात म्हणायला घेतलं, जा, जा, नीट, जा. शब्द आले, सगळे आले, काही विसरलं नव्हतं. पण ते नुसतेच तोंडात आले. हात धा धा दिं ताच वाजवत राहिला. त्याने मुद्दाम 'दिस कले'ला रेंगाळून बघितलं, तर ठेका अडखळल्यासारखा झाला. मुद्दाम 'घरी चल'ला पळवलं, तर नुसता वेग वाढला. गोठा काही दिसला नाही. वाडीची गुरं तेवढ्यात खरोखरची खालच्या वाटेने घराकडे चालली होती आणि त्यांच्या पायांत ती ओढ होती. ज्ञानूच्या हातात नव्हती.

तो थांबला.

गेनबाने खाटेवर कष्टाने कूस वळवली. आवाज खोल गेला होता, पण अदब शाबूत होती. "पावनं," तो म्हणाला, "हात लई चोख हाय तुमचा. कुटंबी चूक न्हाई. कुठलं म्हनायचं तुमी?"

तुमी. सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून या माणसाने ज्ञानूला अरे-तुरेशिवाय कधी हाक मारली नव्हती. साळूबाईच्या हातातलं कणकेचं ताट वाजलं. तिने तोंड उघडलं तसे ज्ञानूने तिच्यापुढे हात जोडले, तिचे पाय धरावेत तसे, आणि मान हलवली. नको. सांगू नको. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला काय कळलं असतं? की ज्याला त्याने एकच गोष्ट जपायला सांगितली होती त्याने तीच घालवली. एवढं ऐकून मरण्यापेक्षा न ऐकता मरू दे.

"सारोळ्याचा," ज्ञानू म्हणाला. ते नाव त्याच्या तोंडात आपोआप आलं. आवाज त्याने बदलला नव्हता, पण तो बदललेलाच निघाला.

"लांबनं आलासा. च्या घेतल्याबिगार जाऊ नगा." गेनबाने धाप टाकली, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड आला. "आन् आता बसाच जरा. आमचा ज्ञान्या यायचा हाय. त्येला कामाचा कागद मिळनार हाय, मिळाला की पयला हितं येतो म्हनलाय. त्येच्या हाताचा बाराचा ऐका. मंग जावा."

ज्ञानूने खिशावर हात ठेवला. आत पत्र होतं, कोरं करकरीत, श्वास घेतला की वाजत होतं. डाव्या पुडीवरची कणीक सुकायला लागली होती. एरवी तो ती खरवडून गाईला घालायचा आणि मग उठायचा. आज त्याने ती तशीच राहू दिली.

"बसतो," तो म्हणाला.

साळूबाई चहा ठेवायला आत गेली, आणि आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. ज्ञानू खाटेच्या पायथ्याशी सरकून बसला. गेनबा वाटेकडे कान लावून पडला होता. तोही त्याच वाटेकडे बघू लागला. अंगणात अंधार उतरेपर्यंत ते दोघं तसेच ज्ञानूची वाट बघत बसले.